पेन्सिल जाईल एवढी फट: छोट्या विमानाचं इंजिन आतल्या आत का हलतं?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत रेंज जाते म्हणून अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना जे राहून गेलं ते इथे थोडं नीट लिहिलंय.

या वेळचा विषय एका फोटोवरून सुचला. माझी मामेबहीण पायलट व्हायचं शिकतेय. तिची संस्था खानदेशातली नाही, बरीच लांब आहे आणि नाव मी सांगणार नाही. मागे एकदा सकाळी साडेसहाला तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. विमानाच्या नाकाचं तेल तपासायचं छोटं झाकण उघडं, आत टॉर्चचा उजेड, आणि इंजिनावरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला करंगळीएवढा एक चकचकीत पट्टा. आजूबाजूला काळपट भुकटी. खाली मेसेज: "दादा, हे काहीतरी घासतंय ना? लिहू का? सगळे म्हणतायत लिहिलं की विमान बसून राहील."

मी सॉफ्टवेअरवाला. मला विमानातलं तेव्हा फारसं कळत नव्हतं. पण तो पट्टा डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं की हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी थोडं आपल्या भागाबद्दल

नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही. पण शहाद्याकडच्या मित्रांनी आभाळात घरघरणारी छोटी विमानं पाहिली असतील. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला धावपट्टी आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, आणि दोन्हीकडे वैमानिक प्रशिक्षण चालतं. १९२८ साली सुरू झालेला, जुहूचा म्हणून ओळखला जाणारा बॉम्बे फ्लाइंग क्लबसुद्धा धुळ्यात प्रशिक्षण देतो.

धुळ्याचं आणखी एक नातं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते आठवतंय? २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते ठेवलं होतं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये त्याची चाचणी उड्डाणं झाली ती याच धुळ्यात. स्वतः विमान बांधणाऱ्या जगातल्या प्रत्येक माणसाला एक प्रश्न सोडवावाच लागतो: इंजिन आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यात जागा किती सोडायची? कारखान्यात बनलेल्या विमानात हे उत्तर कंपनीने आधीच दिलेलं असतं, म्हणून आपलं तिकडे लक्ष जात नाही.

त्या आवरणाला म्हणतात काउलिंग. ट्रॅक्टरचं बोनेट समजा. आणि पंख्याच्या मधोमध जे टोकदार टोपण असतं ते स्पिनर. स्पिनर पंख्याबरोबर फिरतो, काउलिंग जागेवर असते. दोघांच्या मध्ये एक फट दिसते. मॉडेलप्रमाणे कमीजास्त, पण साधारण पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे सहा-सात मिलिमीटर. आजचा भाग त्या फटीबद्दल आहे.

इंजिन घट्ट का नाही आवळत?

शेतातलं जुनं डिझेल इंजिन आठवा. सिमेंटचा ओटा, त्यात बोल्ट, त्यावर इंजिन. ते धडधडतं, पण खाली सगळी जमीन आहे. ते बिचारं जमिनीला काय हलवणार?

विमानात जमीन नाही. प्रशिक्षणात सगळीकडे दिसणारं सेसना १७२ घ्या. त्याच्या १७२ एस या मॉडेलमध्ये लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन असतं, १८० हॉर्सपॉवर, २७०० आरपीएमला. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, समोरासमोर आडवे. इंजिन आणि पंखा मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास. आणि हे सगळं कशाला टांगलंय? पायलटच्या पायांपुढे एक पत्र्याची भिंत असते, फायरवॉल. तिच्यापुढे स्टीलच्या नळ्या वेल्डिंग करून बनवलेला सांगाडा, आणि त्या सांगाड्याच्या टोकाला इंजिन. भिंतीतून बाहेर काढलेल्या फळीवर धान्याचं पोतं ठेवावं तसं.

आता हिशोब करू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर म्हणजे एका फेरीत दोन ठोके. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९० ठोके. पंख्याला मिळणारा सरासरी पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो येतो सुमारे ४७५ न्यूटन मीटर. आपल्या स्प्लेंडरचा असतो ८ च्या आसपास. म्हणजे जवळपास ६० स्प्लेंडर एकदम पीळ देतायत, आणि तोही एकसारखा नाही, ठोक्याठोक्याने.

इंजिन पंख्याला एका बाजूला पिळतं, तेव्हा पंखा इंजिनाला उलट बाजूला पिळतो. पायलटच्या जागेवरून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून इंजिन डावीकडे कलंडायला बघतं. हे सगळं घट्ट बोल्टने पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जोडलं तर काय होईल? पत्र्यांना चिरा जातील, रिव्हेट सैल होतील, डॅशबोर्डावरचे काटे थरथरतील आणि पायलटचे दात वाजतील.

म्हणून मध्ये रबर घालतात. गॅरेजमध्ये आपण ज्याला 'इंजिन फाउंडेशन' म्हणतो तेच. रिक्षात, कारमध्ये, ट्रॅक्टरमध्येही असतं. "भो, गाडी लई थरथरते," म्हटलं की मिस्त्री पहिल्यांदा तेच बघतो. विमानात त्याला माउंट म्हणतात.

चार रबर, पण तिरके

जुन्या पद्धतीत हे माउंट इंजिनाच्या मागे सरळ बसवलेले असत. नंतर एक हुशार पद्धत आली: डायनाफोकल. यात चारही माउंट थोडे तिरके असतात, असे की त्यांच्या मधून काढलेल्या रेषा पुढे जाऊन इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळ मिळतात. त्यामुळे इंजिन मागून टांगलेलं असलं तरी वागतं असं की जणू कोणी बरोबर मधोमध धरलंय. ठोक्यांनी ते जागच्या जागी गोल हेलकावतं, पण नाक वर-खाली आपटत नाही.

रबर आणि लोखंड एकमेकांना पक्कं चिकटवायच्या कामात अमेरिकेतली लॉर्ड ही कंपनी नावाजलेली. म्हणून हँगरमध्ये आजही अनेक जण या रबरांना 'लॉर्ड माउंट' म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.

सगळ्यात जास्त कधी हलतं?

इथे माझा पहिला अंदाज साफ चुकला होता. मला वाटलं, फुल पॉवरला सगळ्यात जास्त हलत असेल. तसं नाही. इंजिन बंद करताना ते सगळ्यात जास्त हलतं.

घरातलं वॉशिंग मशीन आठवा. ड्रम जोरात फिरत असतो तेव्हा मशीन जवळपास शांत असतं. वेग कमी होत थांबायला येतं तेव्हा एकदम धडाधड उड्या मारतं, मग थांबतं.

आखाजीचा झोका बघा. प्रत्येक झोक्याचा एक स्वतःचा ताल असतो. त्या तालावर हलका धक्का देत गेलात तरी झोका झाडाच्या फांदीला लागतो. तालापेक्षा खूप भराभर धक्के दिलेत तर झोका गोंधळून जागेवरच थरथरतो. रबरावर बसलेल्या इंजिनालाही असा स्वतःचा ताल असतो. समजा तो सेकंदाला १० वेळा आहे. उडताना ठोके सेकंदाला ८०-९०, तालापेक्षा कितीतरी पुढे. मग बहुतेक कंपन रबरातच जिरतं, पायलटपर्यंत पोचत नाही. गणित सांगतं की ठोके तालाच्या १.४१ पटीच्या वर गेले की रबराचा फायदा सुरू होतो. जितके पुढे तितका जास्त.

पण इंजिन बंद करताना? पायलट मिक्श्चरचा दांडा ओढतो, इंधन तुटतं, आरपीएम ७०० वरून ५०० वर, ३०० वर येतो. ३०० आरपीएमला ठोके किती? सेकंदाला बरोबर १०. झोक्याच्या तालावर नेमका धक्का! इंजिन क्षणभर खदाखदा हलतं आणि थांबतं. सुरू करतानाही तसंच, उलट दिशेने. छोट्या विमानाचा व्हिडिओ सापडला तर बंद होण्याचा तो एक सेकंद हळू करून बघा. पंखा थांबताना नाक अंग झटकताना दिसेल.

आणि इथे खरा पेच आहे. रबर मऊ घेतलं तर उडताना प्रवास गुळगुळीत, पण बंद होताना इंजिन जास्त हलणार, म्हणजे आत जास्त जागा हवी. रबर कडक घेतलं तर कमी हलेल, जागा कमी लागेल, पण कंपन पायलटच्या खुर्चीपर्यंत येणार. फुकट काहीच मिळत नाही. खुर्चीत जे सुख मिळतं त्याची किंमत काउलिंगच्या आतल्या रिकाम्या जागेत मोजलेली असते.

मग मोठीच फट का ठेवत नाहीत?

कारण काउलिंग नुसतं झाकण नाही. ही इंजिनं हवेने थंड होतात, रेडिएटर नसतो. समोरच्या दोन भोकांतून हवा आत येते, इंजिनाच्या वर दाबाने साठते, सिलिंडरच्या पातळ पाखांमधून खाली उतरते आणि खालून मागे निघून जाते. हवेने हाच रस्ता घ्यावा म्हणून इंजिनाभोवती पत्र्याचे आडोसे लावतात, त्यांना बॅफल म्हणतात.

आता गंमत बघा. बॅफल इंजिनाला जोडलेले, म्हणजे ते इंजिनाबरोबर हलतात. बहुतेक छोट्या विमानांत काउलिंग मात्र फायरवॉलला जोडलेली, ती विमानाबरोबर राहते. दोघांना एकमेकांना भिडू द्यायचं नाही, पण मधून हवाही पळू द्यायची नाही. उपाय साधा आहे: बॅफलच्या कडेला सिलिकॉन रबराची मऊ पट्टी. पत्रा पत्र्यापासून लांब, मधली जागा पट्टी भरते. पट्टीचं तोंड दाबाच्या बाजूला वळलेलं हवं, म्हणजे हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. बंद करताना एखादी पट्टी उलटी दुमडली, तर त्या फटीतून हवा पळते आणि सिलिंडर तापतो. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंशांत धावपट्टीवर रांगेत उभं राहायचं असेल तर ही दुमडलेली पट्टी किरकोळ गोष्ट राहत नाही.

पुढच्या फटीचं असंच. मोठी केली की तिथून हवा वाया जाते आणि वाऱ्याचा अडथळा वाढतो. लहान केली की स्पिनर घासतो. सायलेन्सरच्या नळीचंही तेच. ती इंजिनाला जोडलेली असते आणि काउलिंगच्या भोकातून खाली निघते, म्हणून भोक नळीपेक्षा बरंच मोठं ठेवतात.

फट बदलते, आणि ते बोलणं असतं

नवीन विमानात स्पिनर आणि काउलिंग छान एका रेषेत असतात. मग दीडशे किलो वजन वर्षानुवर्षं रबरावर बसतं. इंजिन पुढे लटकलेलं, त्यामुळे वरचे माउंट ओढले जातात, खालचे दाबले जातात. उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने आणि गळणाऱ्या तेलाने रबर थकतं. हळूहळू नाक खाली झुकतं. वरची पायरी दिसू लागते, खालची फट बदलते. म्हणूनच घरी विमान बांधणारे जाणकार स्पिनर सुरुवातीला किंचित वर ठेवतात, रबर बसलं की तो आपोआप रेषेत येतो.

उडताना भारही बदलतो. ६० अंश कलून उंची न सोडता वळलात तर सगळ्याचं वजन दुप्पट होतं, इंजिनाचंही. सेसना १७२ एस साध्या वापरात ३.८ पट भार सोसण्यासाठी बनवलंय. म्हणजे त्या क्षणी माउंटवर साडेपाचशे किलोच्या वर ओझं. तेव्हासुद्धा आत काही भिडू नये, हे धरून जागा सोडलेली असते.

आणखी एक कारण म्हणजे आपटलेलं लँडिंग. सेसना १७२ मध्ये पुढचं चाक फायरवॉलला जोडलेलं असतं, पायपर पीए-२८ मध्ये ते इंजिनाच्या सांगाड्यालाच. शिकणारा मुलगा नाकावर जोरात उतरला, तर धक्का थेट तिथे जातो. फायरवॉलला सुरकुती पडली किंवा सांगाडा वाकला, तर बाहेरून पहिली खूण काय दिसेल? फट एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

म्हणून उडण्याआधीच्या तपासणीत नाकाशी जरा थांबायचं. फट सगळीकडे सारखी आहे का? सायलेन्सरची नळी कडेला टेकली तर नाही? आत टॉर्च मारली तर रंग उडून पत्रा चकाकतोय का? काळी भुकटी दिसतेय का? ॲल्युमिनियम घासलं की अशीच काळपट भुकटी सुटते. इंधनाची किंवा तेलाची होज, एखादी वायर, थ्रॉटलची केबल कशाला टेकतेय का? पत्रा घासला तर पत्रा बदलता येतो. इंधनाची होज तापलेल्या इंजिनाशेजारी घासून फुटली तर आग लागू शकते.

किती मिलिमीटर चालेल हा आकडा मात्र माझ्याकडून किंवा कुठल्या व्हिडिओतून घ्यायचा नाही. तो त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये असतो, आणि मागे वॉशर घालायचा की रबर बदलायचं हे परवानाधारक इंजिनिअर ठरवतो. पायलटचं काम एवढंच: बघायचं आणि लिहायचं.

तिने काय केलं

आता परत त्या सकाळवर. तिचा पेच समजून घ्या. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं. प्रत्येक तासाला पैसे, आणि ते पैसे मामांनी कर्ज काढून भरलेले. विमानं कमी, शिकणारे जास्त. हवामान नीट असलेली सकाळ, आणि तिचा नंबर आठ दिवसांनी आलेला. तिने स्नॅग लिहिला असता तर विमान तपासेपर्यंत उभं राहणार, आणि तिच्यामागे रांगेत असलेल्या चौघांचा दिवसही जाणार. एक सीनिअर तिला म्हणाला होता, "ते कधीपासून तसंच आहे, चालतं."

मी तिला तांत्रिक उत्तर देऊ शकलो नाही. फक्त विचारलं, "ते आज घासतंय की पूर्वी कधीतरी घासलेलं आहे, हे तुला सांगता येतं का?" ती म्हणाली, "नाही." म्हटलं, "मग लिही. ज्याला सांगता येतं त्याला बघू दे."

तिने लिहिलं. उड्डाण गेलं. तिच्यावर दोन-तीन जण चिडले, हेही खरं. दुपारी इंजिनिअरने काउलिंग उतरवली. खालच्या एका माउंटचं रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं, त्यामुळे इंजिन एका बाजूला बसलं होतं आणि बंद होताना बॅफलची कडा पत्र्याला भिडत होती. होज शाबूत होती. म्हणजे लगेच काही अघटित घडणार होतं असं मी सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. रबर बदललं, तेलाची गळती शोधली, बॅफलची पट्टी नवीन लावली. तिसऱ्या दिवशी विमान उडलं.

आमच्या कामातही हे रोज होतं. लॉगमध्ये एक पिवळी ओळ येत असते. सगळे म्हणतात, ती नेहमीच येते, सर्व्हर तर चालूच आहे ना! मीही कितीदा ती ओळ खाली सरकवलीय. फरक एवढाच की माझा सर्व्हर पडला तर रात्री उठून रीस्टार्ट मारता येतो.

पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा फोटो आला. स्पिनर आणि काउलिंगच्या मध्ये धरलेली एक पिवळी पेन्सिल, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चार फोटो. खाली लिहिलं होतं: "दादा, सारखी आहे. उडतेय."

तुमच्यापैकी कोणी शिरपूर, धुळे, बारामती, गोंदिया, कुठेही शिकत असाल, किंवा हँगरमध्ये काम करत असाल, तर नाकाशी उभं राहून तुम्ही आधी काय बघता ते व्हॉइस मेसेज करून नक्की पाठवा. चुकीचं काही बोललो असेन तर तेही सांगा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्त करू. तोपर्यंत, घरातलं वॉशिंग मशीन थांबताना एकदा लक्ष देऊन बघा. भेटू.